चार ठोके

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. लहानपणी हा भोंगा इतका तोतरा होता, की स्वतःचं नाव सांगताना त्याला घाम फुटायचा, हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पंधराव्या वर्षी त्याच्या हाती वस्ताद नावाच्या रॅपरची पहिली कॅसेट पडली. वस्ताद रॅप करायचा आणि हा मांडीवर बोटाने चार ठोके देत त्याच्याबरोबर म्हणायचा. ठोक्यावर टाकलेला शब्द अडत नाही, हा शोध त्याला तेव्हा लागला. त्या शोधावर नोकरी मिळाली, लग्नही जमलं. पंचवीस वर्षं झाली, मांडीवरचं बोट काही थांबलं नव्हतं.

आज वस्तादच्या नव्या अल्बमचं प्रकाशन होतं आणि त्याची ओळख करून द्यायला जुना चाहता म्हणून भोंग्याला बोलावलं होतं. आठवडाभर स्वारी हवेत होती. सकाळी अल्बम आला, तो नवरा-बायकोने स्वयंपाकघरातच लावला. पहिली दोन गाणी म्हणजे गाड्यांची आणि घड्याळांची नुसती बढाई. तिसऱ्यात वस्ताद एका तोतऱ्या माणसाची नक्कल करत होता. "मी-मी-मी," आणि मागे हशा.

भोंग्याने हातातला कप खाली ठेवला.

"जाऊ नकोस," बायको म्हणाली. "पोट बिघडलंय म्हणून कळव."

"जाणार. त्याच्या तोंडावर सांगणार."

"आणि तिथे अडलास तर?"

"इतक्या वर्षांत कधी अडलोय का?" त्याने विचारलं आणि शर्ट इस्त्रीला घेतला.

दुपारी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. वस्ताद मंचावरच्या सोफ्यात पाय पसरून बसला होता. दाढी पिकली होती, गॉगल नवा होता. भोंग्याने माईक धरला, मांडीला बोट लावलं. पहिली दोन वाक्यं झकास पडली. तेवढ्यात साउंडवाल्याला हौस आली आणि त्याने मागून तिसऱ्या गाण्याचा ताल सोडला. तो दुप्पट वेगाचा. बोट त्याच्यामागे धावलं आणि घात झाला.

"मी-मी-मी..."

लोकांना वाटलं, गडी नवं गाणंच म्हणतोय. शिट्ट्या सुरू झाल्या. सगळं सभागृह त्याच्याबरोबर तोतरं बोलू लागलं. भोंग्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. त्याने वस्तादकडे पाहिलं. वस्तादचं हसू मावळलं. त्याला कळलं होतं, नक्की कळलं होतं. त्याने नुसता हात वर केला असता तरी ताल थांबला असता. त्याने गॉगल सारखा केला आणि तोही टाळ्या वाजवू लागला.

भोंग्याने माईक टेबलावर ठेवला आणि मागे न बघता बाहेर पडला.

चारच्या पाळीला तो घोषणेच्या खोलीत येऊन बसला. सवयीने बोट मांडीवर गेलं. पहिला ठोका पडला आणि कानात वस्तादचा आवाज आला. त्याला शिसारी आली. त्याने बोट उचललं, मूठ आवळली. काचेपलीकडे माणसं खोळंबली होती, गाडी लागली होती. त्याने बटण दाबलं.

"फ-फ-फलाट... क्र-क्रमांक... च-चार."

बाहेर काही माना वर झाल्या. भोंगा श्वास रोखून बघत राहिला. एका म्हातारीने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि ती चौथ्या फलाटाकडे चालू लागली. तिच्यामागे बाकीचेही निघाले. कुणी हसलं नाही.

त्याने कपाळाचा घाम पुसला आणि पुढच्या गाडीचा कागद ओढला.