नवा खुबा

थेरेसा आणि रंभा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. कंपनीच्या रिले संघातही दोघी धावायच्या. थेरेसा ख्रिस्ती वस्तीतली, रंभा कोळीवाड्यातली. लग्नं झाली, मुलं झाली, तरी सकाळी खाडीकडच्या रस्त्यावर एकत्र पळणं त्यांनी सोडलं नाही.

एक्क्याण्णव साली थेरेसा स्कूटरवरून पडली आणि तिचा खुबा मोडला. हाड जुळलं, पण आतून झिजत गेलं. चाळिशीच्या आतच सांधा बदलावा लागला.

"चाला, जिने चढा," डॉक्टर म्हणाले. "पळणं मात्र विसरा."

"किती दिवस?"

"कायमचं."

हे तिने घरी सांगितलंच नाही. नवरा टेरेन्स विचारायचा तेव्हा ती म्हणायची, "सगळं ठीक आहे बोलले." काठी सुटली. वर्षभराने ती रंभाला म्हणाली, "उद्यापासून येते मी."

"डॉक्टर हो बोलला?"

"बोलला ना."

पहिल्या दिवशी ती जेमतेम रस्त्यातल्या मोरीच्या पुलापर्यंत धावली आणि कठड्याला धरून हसत राहिली. रंभाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग रोज थोडं थोडं वाढत गेलं. काही महिन्यांनी जांघेत कळा यायला लागल्या. ती गुपचूप गोळ्या घ्यायची आणि पळायची. पाय ओढत चालायला लागली, तेव्हा टेरेन्सने तिला जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. नवा सांधा हाडातून ढिला झाला होता.

"यांना सांगितलेलं मी," डॉक्टर म्हणाले.

टेरेन्सने तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर पाय आखूड झाला आणि काठी कायमची आली. रंभा भेटायला आली तीच रडत.

"खरं सांगितलं असतंस तर मी तुला पळू दिलं असतं का गं?"

"म्हणून तर नाही सांगितलं."

"मग आता मीपण नाही पळणार. आपण दोघी चालू."

त्या चालायला लागल्या. रंभा तिच्या काठीच्या बेताने पाऊल टाकायची. समोरून कुणी पळत गेलं की रंभाचे खांदे नकळत पुढे व्हायचे. थेरेसाला ते दिसायचं.

एके सकाळी तिला राहवलं नाही. "जा, पळ तू."

"नको."

"अशी रखडत चालतेस ना माझ्यासाठी, त्याने जास्त दुखतं मला. जा!"

रंभा घुटमळली, मग धावत सुटली. हलकी, सरळ, पूर्वीसारखीच. ती वळणाआड जाईपर्यंत थेरेसा बघत राहिली. आपल्याला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण तिला रंभाच्या त्या पायांचा हेवाच वाटला. रंभा परतायच्या आत ती घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी रंभाने खालून हाक मारली. थेरेसा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. टेरेन्सनेच गॅलरीत जाऊन हाताने नाही म्हणून सांगितलं. आठवडाभर रंभा हाका मारत होती. मग हाका थांबल्या.