दहा माणसांचा गवंडी

"हे ऐकून तू हसशील. विश्वास तर मुळीच ठेवणार नाहीस," गवंड्यानं फोनवर बायकोला आधीच बजावलं. रविवारची दुपार. खोलीतले सात जण कपडे धुवायला गेले होते आणि हा आठवा, छताला डोकं लागू नये म्हणून वरच्या पलंगावर वाकून बसला होता. "माझ्या एकट्याच्या जोरावर या देशातली गवंड्यांची टंचाई संपली!"

"भरदुपारी चढवलीय की काय?" बायको म्हणाली.

भिंतींना गिलावा करायला इथं माणसंच मिळेनात, म्हणून ज्या कामांना परदेशातून माणसं आणता येतात, त्या टंचाईच्या यादीत सरकारनं गवंडीकाम घातलं होतं. यादी होती म्हणून हा इथं होता. सलग पाच वर्षं भरली की बायकोला नि मुलीला आणता येणार होतं. चार वर्षं दहा महिने झाले होते.

मग टंचाई अजून आहे का हे मोजायला कामावर सरकारचा मोजणीसाहेब आला. प्रत्येकाला एकच प्रश्न: इथं अजून किती माणसं लागतील? आता माणसं कमी पडतात म्हणायचं, म्हणजे आपला हात थंड आहे हे कबूल करायचं, आणि तेही मुकादम शेजारी उभा असताना! गवंडी छाती काढून म्हणाला, "कशाला माणसं, साहेब? मी एकटा दहा जणांना भारी आहे." साहेबानं मुकाट्यानं त्याच्या नावापुढं लिहिलं, दहा गवंडी. मागचा का मागं राहील? तो म्हणाला, बारा. चाळीस गवंडी, चाळीस बढाया. बेरीज केली तर देशाला हवे होते त्याहून गवंडी जास्तच भरले. शुक्रवारी यादीतून गवंडीकाम गेलं.

हे त्यानं तिखटमीठ लावून सांगितलं. साहेबानं खुर्ची दिली, हाताला हात लावून पाहिला, हात आहे की यंत्र म्हणाला. बायको खळखळून हसत होती. ते हसू थांबलं की पुढचा प्रश्न येणार, हे ठाऊक असल्यानं तो रेटत गेला.

तरी प्रश्न आलाच. "मग तुमचं काय हो?"

"माझं काय व्हायचंय? यादी बाकीच्यांसाठी. मला म्हणाले, उस्ताद, दमलात, महिनाभर घरी जाऊन या. तिकीटसुद्धा त्यांचंच."

"अगंबाई! आणि ती सलग पाच वर्षं?"

"मला सूट दिलीय. खास."

"मग पोरीला सांगू ना? वर्गात सगळ्यांना सांगून बसलीय, बाबा नेणार म्हणून."

"सांग की."

"कधी येताय?"

"मंगळवारी."

"सामान काय काय आहे? भावजींना गाडी घेऊन पाठवायला."

पायाशी बांधून ठेवलेल्या गाठोड्यांकडे बघत तो बेसावधपणे मोजत गेला. "थापी, ओळंबा, पांघरूण, उशी, कुकर..."

मग बायको हळूच म्हणाली, "खोटं बोलताय. महिनाभरासाठी येणारा माणूस उशी घेऊन येत नाही. तुम्हाला हाकललंय."