अठरा तास

बटणने पायाची बोटं आत मुडपून घेतली आणि मोजा तिथेच अडला.

"सोड गं, सोड माझे आई," आबा नातीला म्हणाले.

त्यांनी तळव्याच्या कडेला नखाने हलकंसं खाजवलं. बोटं उमलली. तेवढ्यात त्यांनी मोजा टाचेपर्यंत ओढून घेतला. घड्याळात पावणेचार झाले होते. लेक टपाल कचेरीतून पाचच्या ठोक्याला घरी पोचायची. म्हणजे अजून सव्वा तास होता. बुटाच्या पट्ट्यांचे गुलाबी वळ पायावर उमटायला पाऊण तास पुरतो, हे आबांना आता पाठ झालं होतं.

मोजे त्यांनीच शिवलेले होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली होती, म्हणजे आत बोटांना टोचत नसे. टाचेला रबरी कापडाचं ठिगळ होतं, त्यामुळे पाय बुटात घसरत नसे. बाजारातले मोजे बटण दोन मिनिटांत भिरकावून द्यायची. हे मात्र पायावर टिकत.

मोज्यांवर बूट चढले. पांढऱ्या चामड्याचे, बोटांकडून उघडे, प्रत्येकाला तीन-तीन पट्टे, आणि दोन्ही बुटांना जोडणारी वीतभर लोखंडी दांडी. बटण जन्मली तेव्हा तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती, तळवे एकमेकांकडे तोंड करून. आठवड्याला एक अशी सहा प्लास्टरं घालून डॉक्टरीणबाईंनी ती सरळ केली, आणि मग हे बूट दिले. दिवसातले अठरा तास. संध्याकाळी सहा तास मोकळीक, बाकी दिवसा आणि रात्री बूट पायात हवेतच. "पावलांची आठवण फार पक्की असते," बाई म्हणाल्या होत्या. "आपण विसरलो की त्यांना जुनं वळण आठवतं."

शेवटचं बक्कल लागलं आणि बटणने हंबरडा फोडला. आबांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. दांडी त्यांच्या बरगडीत रुतत होती. ते खोलीत येरझारा घालत राहिले.

लेक आली तेव्हा बटण रडून रडून खांद्यावरच पेंगली होती.

"आज फार त्रास दिला का?"

"रोजचंच."

"बूट दिवसभर होते ना?"

"हो तर."

लेकीने पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले आणि बटणला मांडीवर घेऊन बूट काढले. पायावर गुलाबी वळ होते. तिने त्यांवरून बोट फिरवलं. आबा आत चहा टाकायला गेले.

याची सुरुवात अगदी साधी झाली होती. जावई जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. आबांच्या बायकोला जाऊन चार वर्षं झालेली. लेकीची रजा संपली तेव्हा बटण आठ महिन्यांची होती, आणि तिला दिवसा सांभाळणारं आबांशिवाय दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी मोठ्या आवेशात होकार दिला होता. पहिले पंधरा दिवस त्यांनी एक मिनिटही बूट काढले नाहीत. बटण पाठीवर पडून दोन्ही पाय एकदम उचलायची आणि दांडी जमिनीवर आपटायची. खण्. पुन्हा खण्. कुशीवर वळू बघायची आणि दांडी आडवी यायची. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "आबा, कसल्या बेड्या घातल्यात हो पोरीला?" आबांनी तिला चांगलंच फटकारलं. पण तो शब्द घरातून गेला नाही.

मग एकदा टाचेला फोड आला. त्याला हवा लागावी म्हणून त्यांनी बूट तासभर काढून ठेवले. चटईवर मोकळी पडलेली बटण क्षणभर स्तब्ध झाली. मग तिने एक पाय वर आणला, दोन्ही हातांनी धरला आणि अंगठा तोंडात घातला. चोखता चोखता ती आबांकडे बघून हसली. आठ महिन्यांची मुलगी, आणि स्वतःच्या पायाशी तिची इतकी निवांत भेट आबा पहिल्यांदाच बघत होते. ते शिलाई मशीनवरून उठले आणि तिच्या शेजारी जमिनीवर आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी फोड बरा झाला होता. बूट मात्र दोन तास बाजूला राहिले. पुढच्या आठवड्यात चार तास. मग सकाळी लेकीची पावलं जिन्यावरून उतरली की आबांचे हात आपोआप बक्कलांकडे जाऊ लागले.

रात्री लेक आणि बटण आतल्या खोलीत झोपत, आबा बाहेरच्या. बक्कलं लागल्याचा आवाज यायचा, थोडं रडणं यायचं, आणि मग सगळं शांत व्हायचं. आबा अंधारात पडून विचार करायचे, लेकीचं काळीज घट्ट आहे, आईवर गेली. तिच्याजवळ पोर बूट घालूनही झोपते. म्हणजे रात्रीचे तास तरी होतायत. तेवढ्यावर निभावेल.

गेल्या आठवड्यात बटण मशीनचा पाय धरून उभी राहिली. अनवाणी. आबांच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्यांना ओरडून कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगणार कोणाला? लेकीला सांगायचं तर अनवाणी कशी उभी राहिली हेही सांगावं लागणार. मग त्यांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. ती पावलांच्या बाहेरच्या कडांवर उभी होती. टाचा जमिनीला टेकल्या नव्हत्या. नवशिकी आहे, शिकेल हळूहळू, असं म्हणत त्यांनी तिला उचलून घेतलं आणि हातात एक रंगीत चिंधी दिली.

मग ठरलेल्या तपासणीचा दिवस आला. लेकीने रजा घेतली आणि तिघं दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी बटणला टेबलावर बसवलं, एक पाऊल हातात घेतलं आणि वर ढकललं. ते थोडंसं वर गेलं आणि थांबलं. दुसरंही तसंच.

"मागच्या खेपेला मी म्हटलं होतं, तास पाळा."

"पाळतोय," लेक म्हणाली.

"किती होतात?"

"अठरा. एखाद्या दिवशी सतरा."

बाईंनी दाराशी जाऊन बूट बनवणाऱ्या कारागिराला हाक मारली. पन्नाशीचा, कातडी एप्रन घातलेला माणूस आत आला. त्याने बटणचा बूट उजेडाकडे धरला, आत दोन बोटं घातली आणि तळ चाचपला.

"हा जोड चार महिन्यांपूर्वी दिला होता," तो म्हणाला. "एवढ्यात टाचेचा खळगा पडायला हवा. हा जवळजवळ कोरा आहे."

आबांना ते सांगायची गरज नव्हती. पँटच्या गुडघ्यावरून माणूस बसून काम करतो की उभ्याने, हे ते चाळीस वर्षं ओळखत आले होते. वापरलेली वस्तू आणि घडी मोडलेली वस्तू यांतला फरक हाताला कळतो. कारागिराने मोजा उलटा करून बघितला.

"मोजे कोणी शिवलेत? काम सुरेख आहे."



"मी रागवत नाहीये," बाई लेकीला म्हणाल्या. "पण खरं कळलं तर पुढचं ठरवता येईल. बूट घरी घालता ना?"

"घालतो आम्ही," लेक म्हणाली. ती सरळ बाईंच्या डोळ्यांत बघत होती.

आबा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. त्यांच्या हातात बटणची दुधाची बाटली होती. त्यांनी तिचं झाकण उघडलं, परत लावलं, परत उघडलं. आपल्या लेकीला आपल्यादेखत खोटी ठरवतायत, आणि आपण झाकण फिरवतोय. त्यांनी तोंड उघडलंही. पण तोवर बाई कागदावर लिहायला लागल्या होत्या. पुन्हा प्लास्टर, पाच आठवडे. मग भूल देऊन टाचेमागची शीर थोडी सैल करायची. मग पुन्हा बूट, आणि आता चार वर्षांची होईपर्यंत.

"म्हणजे चालणं?" लेकीने विचारलं.

"लांबणार. पण चालेल. या वेळी तुम्ही साथ दिलीत तर."

बसमध्ये लेक खिडकीतून बाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिने बटणला पाळण्यात ठेवलं आणि वाळलेले कपडे घेऊन घड्या घालायला बसली. एकाच झबल्याची तिने तीनदा घडी घातली, तीनदा उलगडली. आबा मशीनच्या स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले.

"पोरी."

"हं."

"बाई तुला बोलल्या ते तुला नव्हतं. मला होतं." त्यांनी घसा साफ केला. "दिवसा मी काढत होतो."

लेकीचे हात थांबले.

"किती वेळ?"

"तू गेलीस की. तू यायच्या आधी घालायचो."

"रोज?"

आबांनी मान हलवली.

"सहा महिने?" तिचा आवाज चढला. "बाबा, सहा महिने? मी रोज विचारत होते तुम्हाला! रोज दारात पाय टाकल्या टाकल्या विचारत होते, आणि तुम्ही तोंडावर हो म्हणत होतात? तिला भूल देणार आहेत, कळतंय का तुम्हाला? तुम्हाला तिचं रडणं ऐकवत नव्हतं, आणि मला ऐकवत होतं का? मी तिकडे खिडकीवर बसून लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारत होते, ते कोणाच्या भरवशावर? दिवसाचे तास तरी होतायत म्हणून मी—"

ती तिथेच थांबली.

आबा मान खाली घालून पुढचं ऐकायची वाट बघत होते. पुढचं आलं नाही. त्यांनी वर बघितलं. लेक हातातल्या झबल्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"म्हणून काय?" त्यांनी विचारलं.

तिने झबलं तोंडाशी धरलं. त्या कापडाआडून आवाज आला.

"झोपेत ती पाय मारायची, बाबा. झोपेतसुद्धा. मला वाटलं, रात्रीपुरतं काढावं. दिवसा तुम्ही घालताच." मग आणखी हळू, "आधी बक्कलं लावायची मी. तुम्हाला ऐकू जावं म्हणून."

पाळण्यात बटण स्वतःशीच काहीतरी बडबडत होती. तिचे दोन्ही पाय पाळण्याच्या काठावर होते, मोकळे, आत वळलेले. आबा उठले. लेकीपाशी जाऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, पण मध्येच तो थांबला. त्यांनी शेजारच्या ढिगातलं एक फडकं उचललं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून घडी घालायला घेतलं. दोघांनी मिळून ढीग संपवला.

डॉक्टरीणबाईंना लेकीने दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं. आबांचं आणि स्वतःचंही.

प्लास्टरचे पाच आठवडे गेले. भूल देऊन शीर सैल करून झाली, त्यानंतरचं तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टरही निघालं. कारागिराने मापं घेऊन नवा जोड दिला. बटण आता सव्वा वर्षाहून मोठी होती आणि या काळात उभं राहणं साफ विसरली होती.

रविवारची दुपार होती. जेवणं झाली, बटणच्या झोपेची वेळ झाली. लेकीने तिला चटईवर घेतलं. आबा समोर बसले. न ठरवताच दोघांनी एकेक पाय घेतला. मोजे नवे होते, जुने लहान झाले होते. आबांनी टाच नीट बसली का बघितलं, पट्टे ओढले, बक्कलं लावली. लेकीनेही लावली. आबांनी तिच्या बाजूची बक्कलं तपासली, तिने त्यांच्या बाजूची.

बटणने पाय उचलले. दांडी उचलली गेली. तिने दांडीकडे बघितलं, आणि तिचा ओठ थरथरला. रडं फुटलं तेव्हा लेकीने तिला बुटांसकट छातीशी घेतलं आणि थोपटू लागली. रडणं थांबेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बटणने आईच्या खांद्यावरून आबांकडे हात पसरले. बोट बुटाकडे दाखवलं आणि हुंदक्यांमधून म्हणाली,

"काध."

आजवर बटण 'बा' म्हणायची, 'मम' म्हणायची. आबांना 'आ' म्हणायची. काही करायला सांगणारा शब्द तिने कधी उच्चारला नव्हता.

"आ, काध." मग ती वळली आणि आईची हनुवटी हाताने स्वतःकडे ओढून तिलाही म्हणाली, "काध. काध."

तो शब्द तिने कुठे ऐकला असेल, हे दोघांनीही विचारलं नाही. आबांचे हात मांडीवर होते. त्यांनी ते मांडीखाली घालून त्यांवर बसून घेतलं. लेक थोपटत राहिली, एका लयीत, डोळे मिटून.

"नाही गं राणी," ती म्हणाली. "नाही."