न खोकणारी गाडी

मे महिन्यात पोमोनाला ऊन एकाएकी येत नाही. समुद्राकडून रात्रीतून सरकत आलेलं राखाडी मळभ आधी छपरांवर बसून राहतं आणि पातळ दुधात कुणी चिमूटभर हळद कालवावी तसा त्याच्या आतूनच उजेडाला रंग चढत जातो. मग विजेच्या तारा दिसू लागतात; मग शेजारच्या टायरवाल्याच्या कुंपणावरच्या बोगनवेलीला आपण जांभळी असल्याचं आठवतं. दुकानाच्या अर्धवट उचललेल्या शटरखालून एक अरुंद पट्टा आत येतो, सिमेंटवरचे तेलाचे जुने डाग ओलांडतो, कातरलेल्या वायरींच्या टोकांवरचे तांब्याचे कण पेटवतो आणि अखेर एका करड्या हायब्रिड गाडीच्या उघड्या डिकीत शिरून थांबतो. एलिसेओ बारागान त्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहत बसला होता. रविवार होता. दहा वाजता त्याला बागेत जायचं होतं आणि जावं लागतंय म्हणून जातोय, असं दाखवायचं होतं.

दुकान त्याच्या मामांचं. गाड्यांना आवाज बसवून देणं हा फेर्मीनमामांचा तीस वर्षांचा धंदा, आणि बागेत जमणाऱ्या मंडळाचे अध्यक्षही तेच. मंडळ जुन्या, जमिनीला पोट टेकवून चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांचं. त्यांच्यातल्या निम्म्या गाड्यांचे स्पीकर एलिसेओने आपल्या हातांनी बसवले होते. शनिवारी संध्याकाळी तो किल्ल्या मालकांच्या हातावर ठेवी आणि रविवारी घरी बसे. ‘मला गर्दी मानवत नाही,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. सहा वर्षांत ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याच्यावरून कुणाचीच नजर अडखळत नसे.

यंदा मात्र त्याने स्वतःच्या त्या करड्या गाडीला आवाज बसवला होता. “जमतं का बघायचं होतं, बस,” एवढंच तो सांगे.

पहिल्या दिवशी मामांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं होतं आणि बराच वेळ ते वर आलंच नव्हतं.

“अल्टरनेटर कुठाय रे हिचा?”

“नाहीये, मामा.”

“नाहीये म्हणजे? चोरीला गेला?”

“हिला असतच नाही. मोठी बॅटरी मागे असते, ती या छोट्या बॅटरीला वीज पुरवते. आणि त्या नारिंगी वायरींना हात लावू नका, जीव जाईल.”

मामांनी हात पाठीमागे घेतले. “पोरा, ही गाडी म्हणजे नन आहे नन. चालते तरी पाऊल वाजत नाही. आणि तू हिला ढोल बडवायला लावणार?”

एलिसेओने हसून मान खाली घातली. गाडी किती वीज देऊ शकते याचा हिशोब करून त्याने त्याच मापाचा अँप्लिफायर निवडला, दारांच्या पत्र्यांना आतून अस्तर लावलं आणि डिकीतल्या पेटीचा प्रत्येक सांधा बोट फिरवून तपासला. पाच आठवडे तो एकटाच काम करत होता आणि त्या पाच आठवड्यांत त्याने एकदाही शीळ घालणं थांबवलं नव्हतं. हे फक्त मामांची मुलगी यादिरा हिच्या लक्षात आलं होतं. मंडळाच्या परीक्षेच्या यादीत त्याचं नाव तिनेच घातलं होतं. “खोडायचं तर स्वतः जाऊन खोड,” असं तिने बजावलं, आणि तो गेला नाही.

मंडळात नव्या गाडीची परीक्षा वर्षातून एकदाच होई, मे महिन्यातल्या मातृदिनाच्या रविवारी. मंडळातली सर्वांत वयस्क बाई गाणं निवडे. गाडी चालू हवी, समोरचे दिवे लावलेले हवेत आणि पूर्ण आवाजात गाणं शेवटपर्यंत जायला हवं. ठोक्यागणिक दिवे मिचकले की गाडी नापास. गाणं मधेच तुटलं तर थेट पुढचा मे.

बागेत नव्वद-शंभर माणसं होती. कढईतल्या डुकराच्या मांसाचा वास झाडांखाली साचला होता. एलिसेओने गाडी आणून उभी केली तेव्हा गर्दीतून आवाज आला, “अरे, टॅक्सी कुणी मागवली?” हशा उसळला. त्याचे कान तापले.

परीक्षक होते रोसेंदोकाका. सत्तरीचे, रुंद मिशांचे. इंजिनाच्या आवाजावरून मालकाने सकाळी काय खाल्लं ते सांगतो, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती.

“चालू आहे का रे?” त्यांनी खिडकीतून विचारलं.

इंजिन झोपलेलं असलं तरी गाडी जागी असते, हे त्यांना समजावून सांगायला हवं होतं. चार वाक्यांचं काम. पण समोर शंभर डोकी होती. एलिसेओने नुसती मान हलवली आणि खाली उतरून बाजूला उभा राहिला.

पेत्राआजींनी खुर्चीतूनच गाण्याचं नाव सांगितलं. तरुणपणी त्या जिच्यावर नाचत, ती एक जुनी कुंबिया. यादिराने फोनवर ते लावलं.

पहिला ठोका जमिनीतून आला. टेबलांवरचे कागदी पेले थरथरले, कुणाच्या तरी छातीवरची साखळी किणकिणली. बायकांच्या टाचा आपोआप हलू लागल्या. दिवे मात्र देवघरातल्या समईसारखे स्थिर. फेर्मीनमामा दिव्यांकडे पाहत होते आणि त्यांचा खालचा ओठ हळूहळू सुटत चालला होता.

रोसेंदोकाकांनी आपल्या रिवाजाप्रमाणे तळहात बॉनेटवर टेकवला. थरथर नाही. ऊब नाही. त्यांनी कान लावला. त्यांचा चेहरा उतरला. पोराची गाडी बंद पडली, आता बॅटरी बसेल आणि भर मंडळात त्याची शोभा होईल! कळवळ्यानेच ते खिडकीतून आत वाकले आणि इंजिन सुरू करायला त्यांनी बटण दाबलं.

गाणं तुटलं. दिवे विझले.

“बंद पडली होती,” रोसेंदोकाका हळहळत म्हणाले. “मी चालू करायला गेलो, पण गेलीच. वाईट नको वाटून घेऊस, बाळा. पुढच्या वर्षी ये.”

‘बरं’ एवढाच शब्द एलिसेओच्या जिभेवर आला. तो म्हटला की सगळं संपत होतं. घरी जाता आलं असतं. जमतं का ते बघायचं होतं, ते बघून झालं, असं म्हणता आलं असतं. त्याने दाराला हात घातला. त्या हातावर पाच आठवड्यांचे ओरखडे होते. आणि मग त्याला एक मोठा, फाटका आवाज ऐकू आला. तो त्याचाच होता.

“बंद नव्हती! चालू होती! तुम्हीच बटण दाबून बंद केलीत, काका!”

शंभर माणसं वळली.

“मी?” रोसेंदोकाकांनी छातीवर हात ठेवला. “चाळीस वर्षं इंजिनं ऐकतोय मी!”

“मग हिला ऐकू नका ना! हिचं इंजिन गरज लागली की उठतं, नाहीतर झोपतं. तुमच्यासारखंच!”

मग रोसेंदोकाकांची बायकोच इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. “अगदी बरोबर ओळखलंन हो यांना!”

“पण नियम आहे,” काका कुरकुरले. “गाडी चालू हवी.”

पेत्राआजींनी काठी आपटली. “नियम मी ऐकलाय, रोसेंदो. तुझ्याआधीपासून ऐकत्येय. चालू हवी म्हणतो तो, खोकायला हवी असं नाही म्हणत. आणि माझं गाणं तू तोडलंस. लाव रे पोरा, पहिल्यापासून.”

गाणं पुन्हा सुरू झालं. या वेळी रोसेंदोकाका हात पाठीशी बांधून दोन पावलं दूर उभे होते. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर मोठ्या बॅटरीला भूक लागली आणि कुणी हातही न लावता इंजिन आपणहून जागं झालं. काका एवढे दचकले की त्यांची टोपी पडली. बागेत आरोळी उठली. आजी खुर्चीतून उठल्या, मामांनी त्यांचा हात धरला आणि गवतावर धूळ उडू लागली. शेवटचा ठोका पडेपर्यंत दिवे मिचकले नाहीत.

मग रोसेंदोकाकांनीच त्याला बॉनेट उघडायला लावलं. एलिसेओ बोलू लागला. कुठली वायर कुठे जाते, छोटी बॅटरी का जपायची, आवाज कुठवर चढवायचा. भोवती डोकी वाढत गेली, त्याच्या हातातलं ताट गार झालं, तरी तो बोलतच होता.

“अगं, हा बोलतो!” कुणीतरी यादिराला म्हणालं.

“मलाही आजच कळतंय,” ती म्हणाली.

घामाने डबडबलेल्या पेत्राआजी रुमालाने वारा घेत जवळ आल्या. त्यांनी त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

“इतकी वर्षं कुठे होतास रे?”

“घरी, आजी. मला गर्दी...” ठरलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं, पण आज ते पुढे सरकेना. त्याने आजींकडे पाहिलं.

“घरी होतो,” तो म्हणाला. “कुणी बोलावतंय का, वाट बघत होतो.”