बघून सांग

मी शिंपी. कापडाबद्दल विचाराल तर तासभर बोलेन, बाकी मला फारसं बोलता येत नाही. लोक विचारतात, "अहो, तुमची मुलगी लढाऊ विमान चालवते म्हणे? कसं जमवलंत?" मी म्हणतो, "जमलं बुवा." मग तिच्या आईचं सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहून काढतोय.

मुलीला आम्ही काडी म्हणतो. जन्मली तेव्हाच काडीएवढी होती, तेच नाव चिकटलं. खाली दुकान, वर घर. दुकानात पायाने चालवायची दोन शिलाई मशिनं, एक माझं आणि एक हिचं. ही म्हणजे माझी बायको. कापणं आणि पँट-कोट माझ्याकडे. कॉलर, काजं, बटणं, हातशिलाई हिच्याकडे. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं कामही हिचंच, कारण माझं तोंड फटकळ.

काडी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिने एक माहितीपत्रक आणून माझ्या कापायच्या टेबलावर ठेवलं. तिला हवाई दलात वैमानिक व्हायचं होतं.

"आपल्या सात पिढ्यांत कुणी धड शिडीवर चढलं नाही," मी म्हटलं, "आणि तू आकाशात निघालीस?"

"आधी वाचून तर बघा," ही म्हणाली.

त्यात डोळ्यांचं, कानांचं, दातांचं बरंच काही होतं. आणि पायाची लांबी. अमुक इतक्या सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर घरी परत. मला वाटलं, हे तर आपलंच काम! टेप घेतली, काडीच्या कमरेला लावली, टाचेपर्यंत सोडली आणि जाहीर केलं, "चार बोटं जास्तच आहे. पास!"

काडी दुकानभर नाचली. ही अजून कागदच वाचत होती.

"अहो, हे पँटचं माप झालं. यात लिहिलंय, भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसायचं, पाय सरळ करायचे आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजायचं."

तसं मोजलं. माप बरोबर रेघेवर आलं, ना एक दोरा जास्त, ना एक दोरा कमी. काडीचा चेहरा उतरला.

"तीस वर्षं मापं घेतोय मी," मी पुटपुटलो.

"तीच तर खोड आहे. तीस वर्षं घेतलं म्हणून न बघता घेतलंत." मग काडीकडे वळून म्हणाली, "रेघेवर आहे म्हणजे बसतंय. तोंड पाडून बसू नकोस, अभ्यासाला लाग."

लेखी परीक्षा झाली. मग निवड मंडळाचं बोलावणं आलं. पाच दिवस माणसाला उलटंपालटं करून बघतात तिथे. गटात काम द्यायचं, अडथळे ओलांडायला लावायचे, मुलाखत घ्यायची. मुलाखतीत एका साहेबांनी काडीला विचारलं, "हा शर्ट वडिलांनी शिवलाय का? कॉलर सुरेख बसलीये." त्यावर आमची पोरगी म्हणाली, "सर, कॉलर आईची आहे. बाबांची फक्त बाही आहे." साहेब हसले म्हणे. बाही मीही वाईट बसवत नाही, पण असो.

सगळ्यात भीती होती ती एका चाचणीची. विमान चालवायची उपजत कुवत आहे का, ते या चाचणीत बघतात. ती जन्मात एकदाच देता येते; नापास झालात तर ते दार कायमचं बंद. पडद्यावर एक ठिपका पळत असतो, हाताने दांडा आणि पायांनी पट्ट्या दाबत त्याला मधोमध धरून ठेवायचं. काडी परत आली तीच ओरडत.

"आई! बाकीच्यांचे पाय नुसते लाकडासारखे! मी तुझ्या मशीनवर लहानपणापासून बसलेय ना, माझे पाय आपोआप चालत होते!"

"आणि डोकं?" हिने विचारलं.

"ते पण चालत होतं."

"मग ठीक."

दीडशे जणांतून अकरा उरले. त्यांत मुलगी एकच. मी रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. मी तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा समोरचा चांभार म्हणाला, "अहो, आता आम्हालाच पाठ झालंय."

प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा काडीने आम्हाला एक प्रकार दाखवला. उड्डाणाच्या आधी ही मुलं खोलीत साध्या खुर्चीवर बसतात आणि आख्खं उड्डाण हातांपायांनी करून बघतात. एकाने तपासायच्या गोष्टींचं कार्ड वाचायचं, दुसऱ्याने प्रत्येक गोष्ट बघून उत्तर द्यायचं. दुकानात ती हिच्या मशीनच्या स्टुलावर बसली. पाय मशीनच्या पायट्यावर, गुडघ्यांमध्ये माझी लाकडी पट्टी, म्हणजे विमानाचा दांडा. तेलाची बुधली उभी असली की इंधन चालू, आडवी असली की बंद. कार्ड हिच्या हातात.

"दरवाजा?"

"बंद, कडी लागलीये."

"पट्टे?"

"आवळलेत."

"इंधन?"

"चालू."

"बघून सांग."

"चालूच आहे गं, आत्ताच तर—"

"बघून सांग म्हटलं ना?"

काडीने बघितलं. बुधली आडवी होती. हिने बोलता बोलता हळूच कलंडून ठेवली होती.

"हे तू मुद्दाम केलंस!"

"मग? वर गेल्यावर तुला विचारून बिघडणार आहे का काही? चल, पहिल्यापासून."

त्या सुट्टीत त्यांनी हे रोज केलं. तिसऱ्या दिवशी ही जे काही हलवेल ते काडी पकडायला लागली. मी माझ्या मशीनवर बसून ऐकत असायचो. मायलेकींचं चाललेलं असताना मध्ये तोंड घालायची सोय नव्हती.

काही महिन्यांनी तिचा एक शर्ट पार्सलने आला, मागची शेपटी कापलेला. एकटीने पहिलं उड्डाण केलं की तिथे शर्टाची शेपटी कापायची रीत आहे म्हणे. कापलेला तुकडाही सोबत होता. मी कापाची कड बघितली आणि माझं डोकं फिरलं. "कातर धरता येत नाही त्यांना! उंदराने कुरतडल्यासारखं कापलंय!" हिने तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या मशीनच्या खणात ठेवला. संध्याकाळी म्हणाली, "एकटी होती हो. शेजारी वाचायला कुणी नव्हतं."

प्रशिक्षण निम्म्यावर आलं असताना ही गेली. सकाळी मशीनवर बसली होती. "छातीत कसंतरी होतंय" म्हणाली. मी रिक्षा आणेपर्यंत सगळं आटपलं होतं.

काडी आली. तिला दहा दिवसांची रजा दिली होती, आणि हवं तर पुढच्या तुकडीबरोबर परत सुरू कर, असंही म्हणाले होते. सहाव्या दिवशी तिने बॅग भरली. मी तिला थांब म्हणालो नाही आणि जा असंही म्हणालो नाही. तिथे तिच्या मास्तरांनी दोन दिवस तिला आपल्यासोबतच उडवलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः विमानातून खाली उतरून म्हणाले, "एकटी जा." ती तुकडीत मागे पडली नाही. उलट पुढे गेली. हे बळ तिच्यात कुठून आलं, ते मला कळत नाही, पण आई गेल्यावर त्या वयात मला सुईत दोरा ओवता आला नसता, एवढं कळतं.

त्यानंतर अकरा महिन्यांनी ती चार दिवसांच्या रजेवर आली. प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा आला होता. आता प्रत्येकाने लिहून द्यायचं होतं, पुढे काय उडवायचं: लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर. मास्तर तिला म्हणाले होते, "तू लढाऊ माग, तुला मिळेल." हे तिने मला फोनवर सांगितलं होतं तेव्हा तिचा आवाज कापत होता, आनंदाने. लढाऊचा तळ देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

शनिवारी तिने उड्डाणाचा पोशाख माझ्यापुढे टाकला. "बाबा, पायावरच्या खिशाची चेन गेलीये."

खिशात घडी केलेला कागद होता. पहिली पसंती: मालवाहू. खाली शाईची सही. बुधवारी द्यायचा होता. मालवाहूचा तळ कुठे आहे ते मला माहीत होतं. आमच्या घरापासून बसने दोन तास.

मी चेन लावली, कागद परत खिशात ठेवला.

रविवारी दुपारी ती म्हणाली, "बाबा, कार्ड वाचता का?" हिच्या मशीनवर चादर होती, म्हणून ती माझ्या स्टुलावर बसली. मी वाचलं. ती प्रत्येक वस्तूकडे मान वळवून उत्तर देत होती. मग तिने विमान वर नेलं, पट्टी पोटाशी ओढली, पोट आवळलं, मान मागे टाकली आणि भर दुपारी माझ्या दुकानात विमानासकट उलटी झाली, म्हणजे मनाने. डोळे मिटलेले होते आणि ती हसत होती. आई गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

उतरल्यावर कार्ड संपलं. मी पुढे विचारलं, "पहिली पसंती?"

तिचे डोळे उघडले. "खिसे तपासलेत तुम्ही?"

"शिंपी आहे. खिसा रिकामा केल्याशिवाय चेन लावता येत नाही. पहिली पसंती?"

"मालवाहू."

"बघून सांग."

ती भडकली. "मालवाहूत काय वाईट आहे? पुरात अडकलेल्यांना अन्न कोण नेतं? जखमींना कोण आणतं? ते काय दुय्यम काम आहे?"

"मुळीच नाही. तुला तेच हवं असेल तर मी आत्ता गप्प बसतो. हवंय?"

ती पट्टीवरचे आकडे बघत बसली. मग उठली, माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं.

"आता तुमची पाळी. जेवण?"

"होतं वेळेवर."

"बघून सांगा."

"अगं, बघायचं काय त्यात?"

"पिठाच्या पिशवीला मागच्या सुट्टीत मी गाठ मारली होती. अजून तीच गाठ आहे, बाबा. माझी गाठ मी ओळखते, तुम्हीच शिकवलीये. झोप?"

"लागते."

"कधी?"

मी टेप गुंडाळायला लागलो.

"दुकान?"

"चालतंय."

"सात शर्ट बिनकॉलरचे पडलेत तिथे. आईचं मशीन?"

मी चादरीकडे बघितलं. माझी थोरली बहीण, काडीची आत्या, दोन गल्ल्या सोडून राहते. शिवणकामात माझ्यापेक्षा बरी. अकरा महिने माझ्या मागे लागली होती, मला बसू दे त्या मशीनवर, काम उरकेल आणि दोघांचं जेवणही एका जागी होईल. मी नाही म्हणायचो. त्या सुईत हिने ओवलेला निळा दोरा तसाच होता. दुसरं कुणी बसलं की तो निघणार.

"झाकलेलं आहे," मी म्हणालो. "अकरा महिने झाले. मला ते उघडवत नाही."

हे मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

काडी माझ्यासमोर जमिनीवर बसली. "मग मी दोन तासांवर नको का राहायला?"

"तू दोन तासांवर राहिलीस तर मी ते कधीच उघडणार नाही," मी म्हणालो. "तू दर रविवारी येशील, मी 'ठीक आहे' म्हणेन आणि तू ते मान्य करशील. तुझ्या आईने दोघांचेही कान उपटले असते."

ती हसली आणि रडलीही. मी म्हटलं, "आत्याला फोन लाव."

ताईने फोन उचलला. "काय रे? आज सूर्य पश्चिमेला उगवला का?"

"उद्यापासून ये. हिच्या मशीनवर बस."

ताई म्हणाली, "येते. पण मला तुझी कटकट चालायची नाही, आधीच सांगते."

चादर मी स्वतः काढली. निळा दोरा सुईतून ओढून रिळावर गुंडाळला आणि रीळ खणात ठेवलं, शर्टाच्या त्या तुकड्याशेजारी. काडी शेजारी उभी होती. तिने मदत केली नाही, ते बरं केलं.

"कागद फाडू का?" तिने विचारलं.

"मला विचारू नकोस. तुझं तू बघ. आणि बघून लिही."

मंगळवारी ती गेली. तिथे तिने नवा कागद मागून घेतला. त्यावर काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी फोन आला. ताई मशीनवर होती, टाका सैल पडतोय म्हणून मला बोल लावत होती.

"बाबा, लढाऊ मिळालं."

"बघून सांग."

"यादी समोर आहे. नाव दोनदा वाचलं."

मी फोन ताईच्या कानाला लावला, तिने हवं तेवढं ओरडून घेतलं. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा काडी म्हणाली, "जेवलात का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. मी कापायच्या टेबलाकडे वळून बघितलं. ताईने वाढून ठेवलेलं ताट तिथे होतं.

"अर्धं झालंय," मी म्हणालो. "तुझा फोन आला म्हणून उठलो."