शेपूट आलं का?

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. काथ्याचा, अंगठ्याएवढा जाड आणि स्वभावाने चिडका. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं तुम्ही हट्टी माणसाला हिणवायला म्हणता. मला मात्र ते ऐकून बरं वाटतं. पीळ गेला तर माझ्यात उरतं काय? नुसता भुसा. तेव्हा माझी गोष्ट गोड आवाजात ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका.

नारळाची सोडणं आधी पाण्यात कुजवतात, मग बडवतात, मग पिंजून त्यांना पीळ देतात. मी असा मार खाऊनच घडलो. पुढे एका गोदामात मला कप्पीवर चढवलं आणि धान्याची पोती माळ्यावर ओढायला लावलं. तिथले हमालकाका रोज सकाळी मला तळहातातून सरकवत बघायचे, कुठे काही तुटलंय का म्हणून. "चल रे गड्या," म्हणायचे. मालकाने मात्र माझ्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. गोदामात लिफ्ट आली त्या दिवशी त्याने मला फाटक्या टायरांच्या ढिगावर फेकून दिलं. गरज सरो, वैद्य मरो. तिथे उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं आणि मी चिडत पडून राहिलो.

त्याच काळात गोदामामागच्या पडक्या शेडमध्ये दूरच्या लढाईतून जीव वाचवून आलेली माणसं राहायला आली. त्यांचे परतीचे दोर कापले गेले होते. पोरं होती, भांडी फारशी नव्हती. गावातल्या शाळेत पोरांची नावं घालायला गेले, तर तिथले लोक म्हणाले, "जन्माचे दाखले आणा." दाखले घरासोबत जळाले होते. "मग आम्ही काय करणार?" असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. ती खिडकी लावणाऱ्या हातांचा मला आजही राग येतो.

पण ही माणसं रडत बसणारी नव्हती. त्यांच्यात एक बाई होत्या, तिकडे शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी ट्रकच्या मोठ्या रस्त्यापलीकडची एक बंद पडलेली लाँड्री मागून घेतली. इस्त्रीची लांब टेबलं हे बाक झाले. कपड्यांच्या कपाटाच्या पत्र्यावर खडूने अक्षरं उमटू लागली. शेडमधल्या आया आळीपाळीने भिंत सारवायला, पाणी भरायला आणि दारात बसायला येऊ लागल्या. कुणी परवानगी दिली नाही आणि कुणी मदतही केली नाही. शाळा सुरू झाली.

अडचण होती ती रस्त्याची. ट्रक भरधाव जायचे, ही एक गोष्ट. दुसरी त्याहून वाईट होती. वाटेवर गोड बोलणारी माणसं उभी असायची. "शाळेत काय ठेवलंय? ये, थोडंसं काम आहे," म्हणायची. पहिल्याच महिन्यात दोन भाऊ असे रस्त्यावरूनच गेले आणि वर्गात परत आले नाहीत. कुणाच्या लेकराला पोतं समजून उचलणारी ही जात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तेव्हा हमालकाकांना माझी आठवण झाली. त्यांनी मला टायरांतून ओढून काढलं, झटकलं आणि आयांच्या पुढे टाकलं. "हा घ्या. चिवट आहे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत माझं कौतुक झालं ते एवढंच, पण तेवढं मला पुरलं.

आयांनी माझ्यावर हातभर अंतराने गाठी मारल्या. काथ्या टोचतो अशी पोरांची कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रत्येक गाठीवर त्या त्या घरातली चिंधी गुंडाळली. कुणाच्या अंगरख्याची, कुणाच्या पडद्याची, तर एक बाळाच्या दुपट्याची. ते बाळ वाटेतच गेलं होतं. सकाळी प्रत्येक पोराने आपापली गाठ धरायची आणि ओळ निघायची. नियम एकच होता. गाठ रिकामी असेल तर ओळ पुढे जाणार नाही. आजारी असेल त्याची आई स्वतः येऊन सांगायची आणि मगच ती गाठ हमालकाका हातात घेऊन चालायचे.

पुढचं टोक असायचं शेडमधल्या शिंपीणबाईंच्या हातात आणि शेवटची गाठ त्यांच्या भाचीच्या. नऊ-दहा वर्षांची पोर, आई-बाप नसलेली, आत्याच्या पदरात पडलेली. सगळ्यात मागे चालते म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं शेपूट. ती मुळीच चिडली नाही. उलट ऐटीत सांगायची, "शेपूट नसेल तर माकड झाडावरून पडतं." प्रत्येक चौकात आत्या पाय थांबवून ओरडायची, "शेपूट आलं का?" मागून खणखणीत उत्तर यायचं, "आलं!" ते ऐकल्याशिवाय आत्या रस्त्यात पाऊल टाकायची नाही. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकायचे.

असं वर्ष गेलं. पोरं वाचायला लागली. एकही गाठ कमी झाली नाही. आणि नेमकं तेव्हाच आमचं कौतुक करायला पाहुणे आले.

एका मोठ्या संस्थेचे साहेब होते. त्यांनी पोरांसाठी बस देऊ केली होती. बस आली की ट्रकच्या रस्त्यावरून चालायला नको, म्हणून बाईंचा जीव त्या बसमध्ये अडकला होता. साहेबांना नाराज करायचं नाही, असं त्यांनी आयांना बजावून ठेवलं होतं. साहेबांसोबत फोटो काढणारा आला होता. त्याने ओळ वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि मागे बोट केलं.

"ती शेवटची मुलगी नको. पाय दिसतायत तिचे."

शेपटीच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता. आत्याने तो सुतळीने शिवला होता, चांगला घट्ट. माझ्या मते ओळीतली सगळ्यात मजबूत चप्पल तीच होती. पण बाई मागे आल्या आणि वाकून म्हणाल्या, "बाळ, आजच्या दिवस तू बाजूने चाल हं. फोटो झाला की ये परत." तिच्या पुढच्या गाठीवर ढोल्या नावाचा मुलगा असायचा. त्याला त्या म्हणाल्या, "दोन्ही गाठी तू धर. आणि आत्याने हाक मारली की तूच ओ दे."

मित्रांनो, हे आठवलं की आजही माझा तिळपापड होतो. रिकामी गाठ पाहुण्यांना दिसायला नको, म्हणून ती भरल्यासारखी दाखवली! ज्या नियमाने पोरं राखली, तोच नियम फोटोसाठी खोटा पाडला. मी छान ताठ होतो. फोटोत सुरेख आलो असेन. पहिल्या चौकात आत्या ओरडली, "शेपूट आलं का?" ढोल्या म्हणाला, "आलं!" आवाज वेगळा वाटला म्हणून आत्याने मान वळवली. "मागे नका बघू ताई, समोर बघा, हसा," असं फोटोवाला म्हणाला आणि ओळ पुढे गेली.

लाँड्रीत भाषण झालं, खाऊ वाटला, टाळ्या झाल्या. हजेरी घ्यायचं कुणाला सुचलं नाही. दुपारी परत निघताना ढोल्याने आपली गाठ धरली आणि शेवटची शेपटीसाठी सोडून दिली. माझं टोक रस्त्यावर घासायला लागलं. दोन पावलं झाली आणि आत्याच्या हाताला ते कळलं. ती थांबली.

"कोण सुटलंय?"

 मग ढोल्या हुंदके देत बोलला. "सकाळी ती चपलावाल्या बाईशी बोलत होती. कोपऱ्यावरच्या. बाई म्हणाली, एक दिवस काम कर, नवी जोडी देते."

  आत्या तशीच चौकीवर गेली, मला हातात धरूनच, आणि मागोमाग सगळी ओळ, आया आणि हमालकाकाही. तिथला हवालदार म्हणाला, "मुलीचे कागद आणा, मग लिहून घेतो." शाळेच्या बाईंनी साहेबांच्या कचेरीत फोन लावला. साहेब बैठकीत होते. बैठक कशाची होती, तर मुलांच्या सुरक्षिततेची. हसू नका, मित्रांनो, मी थट्टा करत नाही.

आत्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "गाठ रिकामी आहे," ती म्हणाली. "घरी कुणी जायचं नाही."

चपलांचा तो कारखाना कोपऱ्यामागच्या गल्लीत होता. पत्र्याच्या उंच भिंती आणि एकच मोठं फाटक. तळवे चिकटवायच्या सोल्यूशनचा वास बाहेरपर्यंत येत होता. माझ्यासारख्या निर्जीवाचंही डोकं त्या वासाने चढलं, तर आत बसणाऱ्यांचं काय होत असेल? माल भरलेला ट्रक निघायच्या तयारीत होता. आत्याने माझं एक टोक फाटकाच्या या खांबाला बांधलं आणि हमालकाकांनी दुसरं त्या खांबाला. आया, पोरं सगळी माझ्यामागे उभी राहिली. वाट बंद.

कारखान्याचा मालक बाहेर आला. "काय तमाशा लावलाय? सोडा तो दोर."

"आमची पोर आत आहे," आत्या म्हणाली.

"इथे कुणाचं पोर नाही. सगळी मोठी माणसं कामाला आहेत. आणि तुम्ही कोण विचारणारे? तुमचा इथे राहायचा तरी पत्ता आहे का?" तो ट्रकवाल्याकडे वळला. "घाल रे पुढे."

ट्रक घरघरला आणि दोन हात पुढे सरकला. मित्रांनो, मी आयुष्यभर पोती ओढली, पण इतका ताठ कधी झालो नव्हतो. बाई पुढे आल्या आणि ट्रकच्या चाकासमोर उभ्या राहिल्या.  "आमचा नियम आहे," त्या म्हणाल्या. "तो मी सकाळी मोडला. आता मोडणार नाही."

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. गल्ली एकदम शांत झाली. आणि त्या शांततेत आत्याने छातीत श्वास भरून हाक दिली. रोज चौकात देते तशीच.

"शेपूट आलं का?"

 मग पत्र्याच्या भिंतीमागून, कुठूनतरी खोलातून, आवाज आला.

"आलं!"

मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. आता पोरांनीच हाका मारायला सुरुवात केली. सगळी एका सुरात ओरडत होती आणि आतून दर वेळी उत्तर येत होतं. शेजारच्या कारखान्यांतली माणसं दारात आली. दुकानदार आले. मालकाला आतल्या दाराची कडी काढावीच लागली.

शेपूट बाहेर आली. बोटांना सोल्यूशन चिकटलेलं, डोळे लाल, पायात अजून ती सुतळीवाली चप्पल. नव्या जोडीचं काय झालं, हे विचारण्याचीही गरज नव्हती. आत्याने तिला पोटाशी धरलं आणि मग पाठीत एक धपाटाही घातला. रडणं त्यानंतर सुरू झालं.

पण दार उघडं होतं आणि शेपटीच्या मागे आणखी पोरं उभी होती. त्यांत ते दोघे भाऊ होते, वर्षापूर्वी रस्त्यावरून गेलेले. बाकीची आमच्या शेडमधली नव्हती. काही तर त्याच गावातली होती, दाखले असलेली, पत्ता असलेली. त्यांच्यासाठी कुणी हाक मारायलाच आलं नव्हतं. ती एकमेकांकडे बघत होती. शेपटीने त्यांना आपली गाठ दाखवली आणि म्हणाली, "धरा की."

तेव्हा मी कमी पडलो, मित्रांनो. माझ्यावर तेवढ्या गाठीच नव्हत्या. आयांनी डोक्यावरचे रुमाल सोडले, पिळून एकमेकांना बांधले आणि माझ्या टोकाला जोडले. त्या संध्याकाळी ट्रकच्या रस्त्यावरून जी ओळ निघाली, तशी लांब ओळ त्या गावाने कधी पाहिली नसेल. गावातल्या पोरांचे आई-बाप वाटेत एकेकाला ओळखून ओरडत धावत आले. सगळ्यांचे आले नाहीत. ज्यांचे आले नाहीत, ती पोरं शेडमध्ये राहिली आणि दुसऱ्या दिवशी लाँड्रीत आली.

आता पुढचं ऐका आणि माझ्यासारखेच चिडा. साहेबांची बस आली. नव्याचे नऊ दिवस चालली आणि मग बिघडून लाँड्रीसमोर उभी राहिली. तिच्यात आता कोंबड्या बसतात. त्या चपलांच्या कारखान्याचं फाटक बंद झालं आणि पलीकडच्या गल्लीत नवी पाटी लावून उघडलं. चौकीवरचा हवालदार तिथे चहा पितो.

माझं वय झालंय. मधल्या दोन पदरांचा भुगा झाला आहे. परवा साहेब पुन्हा आले. या वेळी माझ्यासाठीच आले होते. मला त्यांच्या सभागृहात काचेच्या पेटीत ठेवायचंय म्हणे, खाली माझी माहिती लिहून. शेपूट आता उंच झाली आहे. पुढचं टोक तिच्या हातात असतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, पेटीत फोटो ठेवा," ती म्हणाली. "तुमच्याकडे आहेत की भरपूर. दोर उद्या सकाळी लागतो."

मग तिने साहेबांसमोरच माझे झिजलेले पदर कापले, नवा काथ्या घातला आणि पुढे आणखी गाठी मारत बसली. अजून चिंध्या नसलेल्या, नव्याकोऱ्या. त्या कुणासाठी, ते साहेबांनी विचारलं नाही.

मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. दोर झिजतात, नवे वळता येतात. पण तुमच्या घराजवळ पत्र्याची एखादी उंच भिंत असेल, आतून सोल्यूशनचा वास येत असेल आणि आत सगळी मोठीच माणसं आहेत असं कुणी सांगत असेल, तर एकदा तिथे उभं राहून मोठ्याने विचारा, "शेपूट आलं का?" आणि आतून उत्तर आलं, तर मित्रांनो, घरी जाऊ नका.