पाळीचं तेल

इंजिनियर साहेबांनी शिडीवर उभं राहून काचेवर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"हे काय लावलंय?"

"मोरी माशाचं तेल," देवजी खालून म्हणाला. आवाजातला अभिमान लपत नव्हता. "खाडीचा खारा वारा लोखंड खातो, साहेब. होडीला लावतो तसाच दर पंधरा दिसांनी लावतो. चौकटीला पन, काचंला पन."



कोपरखैरण्याच्या खाडीकाठची बाकी सगळी जमीन नव्या शहरासाठी गेली होती. शहाऐंशी साल उजाडलं तेव्हा उरला होता तो अकरा घरांचा हा सामाईक भाजीमळा, तोही उन्हावर चालणाऱ्या पंपाचा प्रयोग इथे मांडला होता म्हणून. उंच खांबांवर उन्हाची वीज करणाऱ्या आठ काचा, गाव त्यांना आरसे म्हणे. त्यांच्या सावलीत आळू आणि कोथिंबीर, बाहेर वांगी, मिरची. पंपानं वर्षभर भरपूर पाणी दिलं तर मळा नव्या शहराच्या नकाशातून वगळू, असा शब्द जमिनी घेणाऱ्या कचेरीनं दिला होता. आरशांची राखण देवजीकडे आली आणि त्यानं ते तळहाताच्या फोडासारखे जपले.

पहिले दोन महिने पाट भरून वाहिला. मग पाणी उतरत गेलं. धार जितकी बारीक व्हायची तितका देवजी जास्त तेल घासायचा. साहेब वर्षात दोनदा येऊन गेले, पण आकडे खालच्या खाली लिहून घेतले. सरकारी माणूस शिडी चढला तर त्याचा पगार कापतात की काय, कोण जाणे. आज मात्र चढले होते.

त्यांनी रॉकेल मागितलं, फडकं मागितलं. तेलात बसलेली धूळ उन्हानं भाजून तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती. एक आरसा घासून घासून स्वच्छ निघाला. साहेबांनी त्याला मीटरच्या तारा लावल्या, तसा काटा सरळ उजवीकडे गेला. शेजारच्या आरशाला लावल्यावर जेमतेम हलला.

देवजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण काटा कळत होता.

"सगले धुतो मी. सांजच्या आत," तो म्हणाला. "पानी येल ना?"

"येईल."

"मंग झाला तर."

"देवजी, मुदत गेल्या महिन्यात संपली. पंप नापास म्हणून कागद वर गेला. उद्या ट्रक येणार, मी आरसे मोजायला आलोय." साहेब खाली उतरले. त्याच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "नुसत्या पाण्यानं पुसायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"कोनी नाय."

साहेबांनी फडक्याला हात पुसले.

"गावात मी सांगतो, यंत्रच खराब होतं म्हणून."

देवजीनं आपले तेलकट हात पाहिले. अकरा घरांच्या चुली त्यानं स्वतःच्या हातांनी विझवल्या होत्या, आणि त्या हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. त्यानं ते धोतराला पुसले.

तेवढ्यात बांधावरून चांगुणाबाई आली. सत्तरीची, एकटी, मळ्यातल्या पाच वाफ्यांवर तिचं पोट. कडेवर पत्र्याचा डबा होता. एवढं तेल एका घराला झेपणारं नव्हतं, म्हणून अकरा घरांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या.

"या टायमाला माझी पाळी," ती देवजीला म्हणाली. "दोन दीस लागलं काढायला." मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, यंत्राला काय ती नावं ठेवा. आमच्या देवजीला नको. पोरासारखं जपलंय त्यानं."

देवजीनं डबा घेतला. तो अजून कोमट होता. साहेब काहीतरी बोलणार होते, पण देवजीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गप्प राहिले.

"नीट लाव रं," चांगुणाबाई म्हणाली. "तो एक कोरडाच राहिलाय बघ."

"हां, काकी."

तो शिडी चढला, फडकं तेलात बुडवलं आणि धुऊन काढलेल्या काचेपासून सुरुवात केली.